आता जोर लावायचा नाही

२०२३च्या जानेवारीतली गोष्ट. शाळेत प्रजासत्ताक दिनाच्या लेझमीची तालीम चालली होती. पाचवी ते सातवीच्या तीसेक मुली, कडेला हलगी, आणि मी पुढे उभी राहून पावलं दाखवत होते. बैठक मारून उठायचं आणि उडी घेऊन वळायचं, असा एक हात आहे. तो मुलींना जमेना, म्हणून मी पदर खोचला आणि करून दाखवला. उडी घेतली आणि खाली येता येता सगळं ओलं झालं. थेंब-दोन थेंब नव्हे, पाय भिजले. मी तशीच कट्ट्यावर बसले आणि डोकं गरगरतंय म्हणाले. एक गुणी पोर धावत जाऊन माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली.

तोवर माझा मुलगा सात महिन्यांचा झाला होता. १८० दिवसांची बाळंतपणाची रजा संपवून मी डिसेंबरात हजर झाले होते, आणि रोज पिशवीत एक जादा परकर घेऊन जात होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं कुठल्या शब्दांत, हाच प्रश्न होता.

बाळंतपण माहेरच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात झालं होतं. बाळ ३ किलो ७०० ग्रॅमचं. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावरही अडीच तास मी जोर लावत होते. सिस्टर, मावशी, दाराबाहेरून आई, सगळ्यांचा एकच घोष, ‘जोर लाव, अजून लाव, शी करताना लावतेस तसा खाली लाव!’ शेवटी डॉक्टरांनी चिमटा लावून बाळ बाहेर काढलं. बाळ रडलं, सगळे हसले. मग मला ऑपरेशनच्या खोलीत नेऊन कमरेत इंजेक्शन दिलं आणि बराच वेळ टाके घालत होते. नवऱ्याला सांगितलं, ‘जरा जास्त फाटलंय, पण शिवलंय व्यवस्थित.’ घरी जाताना एक गोड सिरप दिलं, पंधरा दिवस न चुकता घ्या म्हणाले. कशाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढचा सव्वा महिना रीतीप्रमाणे. मालिशवाल्या मावशी, शेगडीचा शेक, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. पोट सुटू नये म्हणून आई रोज जुन्या नऊवारीच्या पट्ट्याने माझं पोट इतकं करकचून बांधायची की बसलं तर श्वास अडकायचा. खाली जडपणा होता, पण अंग ओलं आहे, होणारच, असं सगळ्या म्हणायच्या. वारा आवरत नव्हता. खोलीत माणसं असताना तो सुटला की मी बाळाकडे बघायचे. तान्ह्या लेकरावर मी किती वेळा आळ घेतला असेल, त्याचा हिशेब नाही.

दीड महिन्याने टाके दाखवायला गेले. डॉक्टरांनी पाहिलं, ‘छान भरलेत’ म्हणाले. मी धीर करून म्हटलं, ‘शिंकलं की लघवी गळते.’ ते चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, ‘पहिल्या खेपेला होतं तसं. केगल करा.’ बाहेर वीसजणी बसल्या होत्या. केगल म्हणजे काय हे मी घरी येऊन मोबाईलवर शोधलं. शोधायला घेतलं ‘बाळंतपणानंतर लघवी गळणे’, आणि समोर आल्या जागा घट्ट करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती. नवऱ्याला खूश ठेवा वगैरे. मला शाळेत उभं राहायचं होतं, त्याचं त्या क्रीमवाल्यांना काही नव्हतं.

तरी व्यायाम सुरू केला. ‘खालचे स्नायू आवळा, दहापर्यंत मोजा’ एवढं वाचलं होतं. रोज रात्री बाळाला पाजून झालं की दात-ओठ खाऊन शंभर करायचे. पाच महिने केले. जडपणा वाढतच गेला.

संध्याकाळी शाळेतून आलं की मांड्यांच्या मध्ये लिंबाएवढं काहीतरी अडकलंय असं वाटायचं. लेझमीच्या त्या दिवशी रात्री मी मोरीत आरसा घेऊन बसले. गुलाबी, ओलसर, फुगीर काहीतरी तोंडाशी आलं होतं. मला खरोखर वाटलं, गाठ आहे, कॅन्सर आहे. बाळाला जवळ घेऊन रडत बसले तेव्हा सासूबाई आत आल्या. त्यांना काय सांगावं कळेना, म्हणून जसं दिसलं तसं सांगितलं.

त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, ‘अंग बाहेर आलंय तुजं. मला वाटलं काय झालं आन् काय न्हाई.’

मग खाली बसून, कुणाच्या तरी शेताबद्दल बोलावं तशा आवाजात, त्यांनी सांगितलं की त्यांचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, धाकट्या दिराच्या वेळेपासून बाहेर येतं. दीर आज तिशीचा आहे. बाळंत झाल्यावर अकराव्या दिवशी त्या पाण्याला गेल्या होत्या, डोक्यावर एक आणि काखेत एक घागर. तेव्हापासून रोज पहाटे हाताने आत ढकलायचं, लंगोटासारखं धडपं बांधायचं आणि हळदीच्या रानात जायचं. सासऱ्यांना माहीत नाही. लेकांना तर नाहीच. ‘डागदरकडं गेलं की पिशवी काढत्यात,’ हे गल्लीतल्या चार बायकांचं बघून त्यांना माहीत होतं, म्हणून गेल्या नाहीत. मी त्या बाईच्या घरात चार वर्षं राहत होते.

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली पाहणी डी.एड.ला असताना कुठेतरी वाचली होती, ती त्या रात्री आठवली. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली. ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. परीक्षेला पाठ केलेला आकडा. तो माझ्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भाकऱ्या थापतो आहे हे मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर शोधायला शाळेतल्या एका बाईंनी मदत केली. त्यांच्या भावजयीला पुण्यात एका युरोगायनॅकॉलॉजिस्टने बरं केलं होतं. असा वेगळा डॉक्टर असतो हे मला तेव्हा कळलं. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि त्यांना खालून तोलून धरणारे स्नायू, एवढंच बघणारा. फेब्रुवारीत एका शनिवारी वाईहून पहाटेची एसटी धरली. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत दोनदा परकर बदलायची वेळ येईल या भीतीने मी आदल्या रात्रीपासून पाणी प्यायले नव्हते. (हे अगदी चुकीचं असतं. लघवी घट्ट झाली की लघवीची पिशवी जास्तच चिडते. पण तेव्हा कोण सांगणार!)

डॉक्टरबाईंनी आधी फाईल मागितली. घरी जाताना मिळालेलं कार्ड मी दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, ‘तुम्हाला थर्ड डिग्री टेअर झाला होता, हे तुम्हाला सांगितलंय का?’

नव्हतं सांगितलं. पण कार्डावर लिहिलेलं होतं. इंग्रजीत, दोन ओळी. मी शिक्षिका, आणि त्या कार्डावरचं फक्त बाळाचं वजन आणि पत्रिकेसाठी जन्मवेळ एवढंच मी वाचलं होतं. त्यांनी समजावलं की बाळंतपणात फाटण्याच्या चार पायऱ्या असतात. पहिलीत नुसती कातडी, दुसरीत आतला स्नायू, तिसरीत शी धरून ठेवणाऱ्या गोल स्नायूपर्यंत, आणि चौथीत त्याच्याही आत, गुदाशयाच्या अस्तरापर्यंत. माझी तिसरी. ते गोड सिरप त्यासाठीच होतं, शी मऊ राहून टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून. वारा का आवरत नाही, त्याचंही उत्तर त्याच दोन ओळींत होतं. मला राग आला तो फाटल्याचा नव्हे. मोठं बाळ, चिमटा, लांबलेला वेळ, यात फाटतं, कुणाच्याही हातून. राग आला तो आठ महिने मी लेकरावर आळ घेत राहिले त्याचा.

तपासणीत त्यांनी झोपवून खोकायला लावलं, उभं करून खोकायला लावलं, सोनोग्राफी केली. मग कागदावर एक झोळी काढली. लहान बाळाची, साडीची, दोन्ही टोकांना बांधलेली. पुढे जांघेतलं हाड, मागे माकडहाड, मध्ये ही स्नायूंची झोळी. तिच्यात लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय निजलेले. ‘तुमची डाव्या अंगाची गाठ हाडावरून सुटलीय,’ त्या म्हणाल्या. चिमट्याच्या बाळंतपणात हे जास्त घडतं. म्हणून लघवीची पिशवी पुढच्या भिंतीतून खाली उतरलीय आणि तोंडाशी दिसतेय. आरशात पाहिलेलं ते माझी लघवीची पिशवी होती. गाठ नाही, कॅन्सर नाही.

‘व्यायामाने ती गाठ पुन्हा बसेल का?’

‘नाही. पण उरलेली झोळी घट्ट करता येते. बऱ्याच जणींचं त्यावर भागतं.’

ऑपरेशनचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, अजून मूल हवं असेल तर थांबू. आणि पिशवी काढणं हा एकच उपाय नव्हे, मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाणारी, गर्भपिशवी न काढता ती वर टांगून ठेवायची ऑपरेशनं कितीतरी वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात निघाली, तरुण बायकांसाठीच. हे ऐकून मला सासूबाईंच्या गल्लीतल्या त्या चौघी आठवल्या. त्यांना हे कुणी सांगितलं असेल का, कोण जाणे.

त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मी म्हटलं, पाच महिने केगल करतेय, रोज शंभर. त्या फक्त ‘करून दाखवा त्यांना’ म्हणाल्या.

फिजिओथेरपिस्ट माझ्याच वयाची मुलगी. तिने आधी विचारलं, हातमोजा घालून एका बोटाने आतून तपासलं तर चालेल का, आणि नको वाटलं त्या क्षणी थांबवता येईल. माझ्या इतक्या तपासण्या झाल्या होत्या, ‘चालेल का’ असं कुणी पहिल्यांदाच विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘आता नेहमी करता तसं करा.’ मी श्वास कोंडून, दात आवळून केलं.

‘ताई, तुम्ही खाली ढकलताय.’

मला आधी कळेचना. तिने माझाच हात माझ्या बेंबीखाली ठेवला आणि पुन्हा करायला सांगितलं. पोट फुगून बाहेर येत होतं. बाळंतपणात शिकवलेला तोच जोर. पाच महिने, रोज रात्री शंभर वेळा, मी माझी सुटलेली झोळी आणखी खाली ढकलत होते.

ती म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, खूप जणींचं असंच होतं. अरनॉल्ड केगल हे अमेरिकन डॉक्टर. त्यांनी १९४८मध्ये हा व्यायाम मांडला तेव्हा सोबत एक यंत्रही दिलं होतं, आत ठेवायचं, स्नायू आवळला की काटा हलायचा. म्हणजे बाईला दिसायचं, बरोबर करतेय की चूक. पुढे व्यायामाचं नाव सगळीकडे गेलं आणि काटा मागेच राहिला. ‘केगल करा’ म्हणणं म्हणजे पोराला ‘गणित कर’ म्हणून वही न तपासण्यासारखं आहे, हे मात्र माझं म्हणणं.

बरोबर कसं करायचं ते तिने सरळ मराठीत सांगितलं. ‘चारचौघांत वारा आला की कसा अडवता? तसं मागून आवळायचं, मग पुढे लघवी थांबवल्यासारखं, आणि दोन्ही आत-वर उचलायचं. श्वास चालू. पोट, मांड्या, कुल्ले ढिले.’ पहिल्या दिवशी मला ते दोन सेकंद जमलं. पाचपैकी एक गुण दिला तिने. होय, याला पाचपैकी गुण असतात. आयुष्यात इतके कमी गुण मला कधी पडले नव्हते.

मग गृहपाठ. रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी आठ-दहा, जमेल तेवढे सेकंद धरून. आणि धरण्याइतकंच महत्त्वाचं, प्रत्येकानंतर पूर्ण सोडायचं. शिवाय झटकन आवळून सोडायचे दहा. शिंक येतेय असं वाटलं की आधी उचलायचं, मग शिंकायचं. बाळाला उचलताना, हंडा उतरवताना श्वास सोडत उचलायचं, कोंडून नाही. पोटपट्टा बंद, वरून आवळलं की दाब खालीच जाणार, हे तिने टूथपेस्टची नळी दाबून दाखवलं. कुंथायचं नाही, रात्री इसबगोल, भरपूर पाणी.

तीन दिवस लघवीची वही लिहायची होती. मापाचं भांडं घेऊन मोरीत जायचं, किती झाली, कधी झाली, किती प्यायले. मी दिवसातून सोळा वेळा जात होते आणि दर वेळी ८०-१०० मिली. गळू नये म्हणून आधीच जाऊन यायची सवय. ती म्हणाली, पिशवीत सहज ३००-४०० मावते, तुम्ही तिला भरूच देत नाही, म्हणून ती थोडक्यातच ओरडायला शिकलीय. मग शाळेच्या तासांवर बसवलं. आधी एक तास, मग सव्वा, मग दीड. तिसऱ्या तासाची घंटा झाल्याशिवाय जायचं नाही, असं मीच मला दटावत होते.

दर पंधरा दिवसांनी पुणे. एका वेळचे ७०० रुपये आणि एसटीचं भाडं. नवरा शनिवारी बाळ सांभाळायचा. त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं ते पुण्याहून परतताना, फोनवर, खिडकीकडे तोंड करून. घरी समोरासमोर जमलं नसतं. आम्ही जवळ येत नव्हतो त्याचं कारण त्याला कळलं आणि त्याच्या आवाजातली गाठ सुटली. त्याला वाटत होतं मला तो नकोसा झालाय. टाक्यांची जागा दगडासारखी झाली होती आणि स्पर्शाने जीव जायचा. खोबरेल तेल लावून अंगठ्याने ती जागा हळूहळू मोकळी करायला फिजिओने शिकवलं. अंगावर पाजताना खालची कातडी कोरडी पडते, दूध सुटल्यावर बरीच सुधारते, हेही तिने सांगितलं. तसंच झालं, पण वर्ष उलटल्यावर.

सहा आठवडे काहीच फरक नव्हता. दोनदा सोडून द्यावंसं वाटलं. मग एक दिवस वर्गात सणसणीत शिंक आली आणि काही झालं नाही. पोरं ‘सत्य, सत्य’ म्हणत हसत होती आणि मी खडू धरून तशीच उभी. जुलैपर्यंत पाचपैकी तीन गुण झाले. लघवी आता क्वचित, सर्दीखोकल्यात गळते. वारा बहुतेक वेळा आवरतो. हरभऱ्याच्या उसळीनंतर नाही. फुगवटा आहे तिथेच आहे, फक्त संध्याकाळी पूर्वीसारखा खाली उतरत नाही. दुसरं मूल हवं झालं तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, सिझेरियनचाही विचार करायचा, असं ठरलंय.

या सगळ्यात सासूबाई रोज विचारायच्या, ‘पुन्याची बाई काय म्हनली?’ मी प्रत्येक वेळी म्हणायचे, तुम्ही चला. त्या म्हणायच्या, पिशवी काढत्यात. दिवाळीनंतर एकदा धडपं घासून जखम झाली, रक्त दिसलं, तेव्हा कुठे तयार झाल्या.

डॉक्टरबाईंनी त्यांना तपासलं आणि आधी जखम भरायला मलम दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं, दोन-तीन मापं लावून पाहिली आणि एक रबरासारखी लवचीक रिंग आत बसवली. पाच मिनिटं चालायला लावलं, खोकायला लावलं, शौचालयात जाऊन यायला सांगितलं. ना भूल, ना टाका. तीन महिन्यांनी येऊन काढून, धुऊन, आतली कातडी बघून पुन्हा बसवायची, बस. सासूबाई बाहेर आल्या आणि स्वारगेटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. एसटीत बसल्यावर म्हणाल्या, ‘बांगडी घातली व्हय गं मला? येवढ्यासाठी तीस वर्स?’

तीन महिन्यांनी पुन्हा नेलं. हळदीची काढणी चालू होती, तरी आल्या. तपासणी झाली, सगळं ठीक होतं. मी पैसे द्यायला उठले तर त्या खुर्चीतून हलेनात.

‘डागदरीनबाई, बांगडी केवढ्याला पडती?’

बाईंनी सांगितलं.

सासूबाईंनी बोटांवर मोजलं. जाऊबाई, जावळीची बहीण, शेजारची, आणि मळ्यातली. ‘चार द्या बांधून.’

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, ‘आजी, असं देता येत नाही, प्रत्येकीचं माप घ्यावं लागतं.’

‘मग जीप करून आनते,’ सासूबाई म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, ‘शनिवारचं लिहून घे गं.’